शून्याच्या खालचा काटा

आमच्या कारखान्यात दोन काटे होते. एक उसाच्या वजनाचा, त्याच्यावर सगळ्या तालुक्याचा संशय होता. दुसरा पाण्याचा, त्याच्यावर सगळ्या तालुक्याचा विश्वास होता. पहिल्या काट्याला माझा हात कधी लागला नाही. दुसऱ्याला लागला, आणि त्यामुळं विश्वासाच्या बाबतीत दोन्ही काटे काही काळ एका पंगतीला येऊन बसले.

आमची वस्ती गाव आणि कारखाना यांच्या मधोमध होती. विहाराचा पत्रा, त्याच्यामागं आमची पंधरा-वीस घरं, आणि घरांच्या मागं कारखान्याची चिमणी. घड्याळ कुणाकडं नव्हतं, त्याची गरजही नव्हती. सकाळचा भोंगा झाला की माय चुलीवर तवा टाकायची, दुपारच्या भोंग्याला शेळ्या हलायच्या आणि संध्याकाळच्या भोंग्याला आमच्या शेजारचे म्हातारबा न चुकता शिवी द्यायचे, कारण त्यांची झोप तेवढ्यात लागलेली असायची. हंगामात मळीचा वास सगळीकडं भरून असायचा. पाहुणे नाकाला पदर लावून बसायचे आणि आम्ही विचारायचो, "कसला वास?" खरंच येत नसे आम्हाला. वास थांबला की मात्र सगळी वस्ती दारात येऊन उभी राहायची. वास नाही म्हणजे गाळप बंद, गाळप बंद म्हणजे कुठंतरी काहीतरी बिघडलंय. तवा, शेळ्या आणि म्हातारबा सोडून सगळे चिमणीकडं बघत राहायचे.

पाऊस त्या वर्षीही आमच्यावर रुसलेला होता. बाहत्तरच्या दुष्काळात मी सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन वाढलो, तिची चव अजून जिभेला आठवते. त्यामानानं हा दुष्काळ धाकटा होता, पण गुण थोरल्याचेच. आमच्या घरात पाण्याला एकाच कामावर सुटी नसायची. ज्या पाण्यात माय भाजी धुवायची, त्यातच हात धुवायचे, हात धुतलेल्या पाण्यानं पाय, आणि पाय धुतलेलं पाणी दारातल्या शेवग्याला. त्या शेवग्याच्या शेंगांना म्हणे वेगळीच चव असायची. असणारच. ताटं धुवायची पद्धत बंद होती. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट असं पुसायचं की त्यात तोंड दिसावं. हुलग्याचं माडगं असलं तर बोट फिरवायचं. मी बोट जरा जास्त वेळ फिरवतो म्हणून माय म्हणायची, "आरं, जर्मनचं ताट हाय, झिजंल ते."

पिण्याचं पाणी कारखान्याच्या गेटवरच्या नळाला यायचं. त्या नळाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गावात आड होता. नव्हता असं नाही. पण आमच्या वस्तीतली बाई आडावर गेली की तिला घागर खाली ठेवून बाजूला उभं राहावं लागे, आणि कुणी दोर सोडून पाणी ओतलं तर ओतलं. कायदा काय म्हणतो हे आडाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. गेटच्या नळाला दोर लागत नसे आणि कुणाचा हातही लागत नसे. जिची घागर पुढं, तिचं पाणी आधी. आड आटला तशी गावातल्या बायाही तिथंच येऊ लागल्या, आणि पहिले काही दिवस जरा धुसफूस होऊन मग रांग ती रांगच राहिली. त्या रांगेत माझी माय पुढं आणि चाळीस एकरांची मालकीण गोदाबाई मागं, असं चित्र मी रोज बघत असे. मायच्या चालण्यात त्या दिवसांत फरक पडला होता. घागर भरलेली असूनही ती परत येताना सावकाश यायची.

मी आयटीआय करून नुकताच कारखान्यात चिकटलो होतो. धाराशिवला माझा ट्रेड होता 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक'. नातेवाइकांत त्याचा अर्थ असा पसरला की पोरगं बँडपार्टीत लागलं. तेर गावच्या मामानं तर लग्नाची सुपारीही आणली होती, "पिपाणी वाजवतोस का ढोल?" असं विचारत. मी त्यांना समजावून सांगितलं की यंत्राच्या पोटात किती उष्णता, किती दाब, किती पाणी आहे हे सांगणारी जी उपकरणं असतात, ती मी दुरुस्त करतो. मामा म्हणाला, "म्हंजे वाजवत न्हाय. नुस्तं ऐकतोस." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन नोकरीच्या दाखल्यावरही नव्हतं.

कारखान्यातली जुनी उपकरणं हवेवर चालायची. बारीक तांब्याच्या नळ्यांतून दाबलेली हवा जायची आणि तिच्या कमी-जास्त दाबावरून तिकडचा काटा हलायचा. सगळ्या खोलीत साप कोंडल्यासारखा फुसफुस आवाज असे. त्या हवेचा दाब तीनपासून सुरू होऊन पंधरापर्यंत जाई. तीनच का, शून्यापासून का नाही, असं मी फोरमनला विचारलं. तो म्हणाला, "कंपनीनं तसं दिलंय." मला प्रश्नांची खाज होती आणि त्याला उत्तरांचा कंटाळा होता. मग विजेवरची नवी उपकरणं आली. तारेतून इवलासा करंट जायचा, मिलीअँपमध्ये मोजण्याइतका. टाकी रिकामी असली की चार, काठोकाठ भरली की वीस. पुन्हा तेच! चारच का? काही नसताना चार कशाला पाठवायचे? फोरमन म्हणाला, "ही कंपनी दुसरी हाय, हिनं चार दिलंय."

असलं एक नवं उपकरण नदीवरच्या जॅकवेलवर बसवलं. जॅकवेल म्हणजे नदीच्या पात्रातली मोठी विहीर. तिथून पंपानं पाणी कारखान्यात यायचं, आणि त्यातलंच गेटच्या नळाला. ती तीन-चार मैलांवर, कुलुपात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तिथं पंप ऑपरेटर होते. विहिरीत पाणी किती, ते तारेवरून कारखान्यात कळायचं. टेलिफोनच्या खांबांवरूनच ही तारही ओढली होती. आणि काटा बसवला तो साहेबांच्या खोलीत नाही, तर गेटशेजारच्या टाइम ऑफिसच्या खिडकीत, बाहेर तोंड करून. वजनकाट्यावरून इतकी बोलणी खाल्ली होती संचालक मंडळानं की चेअरमननी हुकूम काढला, पाण्याचा काटा सगळ्यांना दिसला पाहिजे. काचेवर एक लाल रेघ मारली. काटा रेघेच्या वर, नळ चालू. काटा रेघेच्या खाली, नळ बंद. कारण बॉयलरला पाणी कमी पडलं तर कारखानाच बंद. नळाची किल्ली गेटवरच्या युसूफचाचाकडं. बाया घागरी ठेवायच्या आधी खिडकीत बघायच्या. गोदाबाईची नजर अधू होती, ती मायला विचारायची, "कुठं हाय गं काटा?" माय शाळेत गेलेली नव्हती, पण तो काटा तिला घड्याळापेक्षा चांगला वाचता यायचा.

आता माझा पराक्रम.

एका गुरुवारी साफसफाईसाठी गाळप बंद होतं आणि उपकरणांची वीजही बंद होती. मी टाइम ऑफिसमध्ये काच पुसायला गेलो, तर काय बघतो, काटा शून्याच्या खाली! शून्याच्या डाव्या बाजूला थोडी कोरी पांढरी जागा होती, त्या जागेत तो मान टाकून पडला होता. मला धक्काच बसला. आयटीआयमध्ये आम्हाला पहिला धडा हाच, की मीटरला काही जोडलेलं नसताना काटा शून्यावर पाहिजे, नसेल तर आणून ठेवायचा. आणि आयटीआय राहू द्या, साधी अक्कल वापरा. विहीर कोरडी पडली म्हणजे कोरडी पडली. कोरड्याच्या खाली काय असतं? हे आमच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ही तळ बघितलेली माणसं. तळाच्या खाली दगड असतो, आकडा नसतो. मी मनाशी म्हटलं, कंपनीतल्या माणसानं कधी कोरडी विहीर बघितलेली दिसत नाही. मग मी काच खोलली, आत केसासारखी बारीक स्प्रिंग होती, तिची दांडी चिमट्यानं हळूच सरकवली आणि काटा बरोब्बर शून्यावर आणून उभा केला. इतकं नाजूक काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. हात थरथरला नाही, याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी वीज आली आणि काटा आधीच्या जागेपेक्षा तबकडीचा चांगला पाव भाग वर जाऊन थांबला. आदल्या दिवसांपेक्षा पाणी वाढलं! आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पाणी वाढलं. बायांनी आनंदानं एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. कुणी म्हणालं, वरच्या अंगाला बंधारा सोडला असेल. कुणी म्हणालं, कळंबकडं पाऊस झाला असेल. कळंबची माणसं त्याच वेळी म्हणत असतील, धाराशिवकडं झाला असेल. फोरमन म्हणाला, "नवं मशीन हाय, बसायला वेळ लागतोय." मी एकटा जाणकार. मी मायला सांगितलं, "आधी ते कमी दावत होतं. म्या दुरुस्त केलं." त्या रात्री ताटात भाकरीवर काकवी आली. काकवी घरात आहे हे मला माहीतच नव्हतं.

असे काही दिवस छान गेले. मग एका दुपारी, रांग ऐन भरात असताना, काटा एकदम खाली आला आणि शून्यावर उभा राहिला. हलेना, डुलेना. युसूफचाचा उठले, खिडकीत बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि नळाला किल्ली लावली. धार थांबली. मायची घागर नळाखालीच होती, अर्धी.

"चाचा, येवडी भरू द्या की," माय म्हणाली.

"बेटी, काटा देख. म्या काय करू?" चाचा म्हणाले. "हुकूम हाय. माझी पण घागर मागं रांगेतच हाय."

गोदाबाईनं मागून विचारलं, "कुठं हाय गं काटा?"

"शून्यावर," माय म्हणाली.

मग जो कालवा झाला! अण्णांवर पहिला आळ आला. अण्णा झोपले आणि वरच्या मळ्यातल्यांनी भरदुपारी इंजनं लावून विहीर उपसली, इथपासून ते अण्णांनीच पाणी विकलं, इथपर्यंत. रांग मोडून त्याचं रिंगण झालं. आणि रिंगण झालं तसं ते आपोआप दोन जागी झालं, गावातल्या बाया खिडकीपाशी आणि आमच्या वस्तीतल्या गेटसमोरच्या लिंबाखाली. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. गावातली एक म्हणाली, "आता टँकर आला तर गावातच उभा करा म्हणावं, चावडीपाशी." चावडीपाशी टँकर म्हणजे काय, ते लिंबाखालच्या सगळ्यांना कळलं. मायनं अर्धी घागर काखेत घेतली, पण घरी गेली नाही. उभी राहिली.

इन्स्ट्रुमेंटचे साहेब सबनीस म्हणून होते. पुण्याचे, तरुण, आमच्या ठेच्यानं पोट बिघडलेलं असल्यामुळं कायम ताक पिणारे. ते हातात ताकाचा ग्लास घेऊनच आले. फोन फिरवून बघितला, जॅकवेलला लागला नाही. पण आमचा फोन तसाही आठवड्यातून एखादा वार पाळून बंद असायचा, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मी म्हटलं, "साहेब, तार तुटली असंल का?" साहेबांनी काट्याकडं बघितलं आणि ठामपणे मान हलवली. "नाही. तार तुटली असती तर काटा शून्याच्या खाली गेला असता. शून्यावर उभा आहे म्हणजे तार शाबूत आहे. पाणीच संपलंय."

ते वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं, पण जाता जाता कानाला घासून गेलं. खाली गेला असता? मी तर तो खालूनच वर आणला होता! तसा मी प्रश्न विचारणारा माणूस. पण त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदाच, मला कुठलाही प्रश्न विचारावासा वाटला नाही.

साहेब बॉयलर बंद करायची तयारी करायला निघाले आणि मला म्हणाले, "सायकल काढ. प्रत्यक्ष बघून ये. तुझे वडीलच आहेत ना तिथं?" मी खिशात पक्कड टाकली आणि निघालो. सगळा रस्ता खांबांवरच्या तारांकडं बघत होतो, त्यामुळं दोनदा खड्ड्यात गेलो. अर्ध्या वाटेवर वळणाला एक ऊसगाडी थांबलेली होती. गाडी इतकी भरलेली की बैल कुठं संपतात आणि ऊस कुठं सुरू होतो ते कळू नये. गाडीवाला चाकाला टेकून विडी ओढत होता. आणि त्याच्या डोक्यावर, दोन खांबांच्या मधे, तारांना मोठ्या गाठी दिसत होत्या. सुतळीच्या.

"हे काय हो मामा?" मी विचारलं.

"उसात आडकून तुटल्या व्हत्या," तो म्हणाला. "म्हटलं कारखान्याचं नुस्कान नको. गाडीवर चढून जोडून दिल्या. वढून बग, हत्तीला तुटायच्या न्हाईत."

खरंच तुटल्या नसत्या. तारेची दोन टोकं वीतभर अंतरावर आणि मधे दुहेरी सुतळी, पिळून पिळून बांधलेली. मी म्हटलं, "मामा, सुतळीतनं करंट जात न्हाय." तो चकित झाला. "मंग कशात जातो?" "तारेत." "आन् सुतळीशी काय वाकडं हाय त्याचं?"

पण आधी पाणी बघायला हवं होतं. तसाच जॅकवेलवर गेलो. अण्णा पंपाच्या खोलीबाहेर बसून कांदा फोडत होते. मी धापा टाकत विचारलं, "अण्णा, पाणी हाय का?"

"प्यायला का बघायला?"

"विहिरीत हो!"

अण्णांनी मला आत नेलं. पाणी होतं. खोल, शांत, आपल्याच थंडपणात पडून राहिलेलं. अण्णांकडं पाणी मापायची रंगवलेली काठी होती, काचेवरच्या लाल रेघेच्याच मापाला तिच्यावर लाल पट्टा होता; ती त्यांनी बुडवून दाखवली. "लाल पट्ट्याच्या बोटभर खाली," ते म्हणाले. "चार दिस झाले, तितंच हाय."

"खाली? पण आमचा काटा तर सकाळी चांगला वर होता!"

"मला कोण इचारतंय आता? काटा आल्यापासनं काठीला सुट्टीच हाय."

मी परत निघालो तेव्हा माझ्या डोक्यात दोन न जुळणारी टोकं होती, आणि मधे सुतळी. वळणावर पुन्हा थांबून, गाडीवाल्याच्या खांद्यावर उभं राहून मी तारा पिळून जोडल्या. कारखान्याच्या गेटवर पोचलो तर काटा आधीच वर चढलेला, आणि बाया माझ्या नावाचा गजर करत होत्या; फक्त युसूफचाचा साहेबांनी सांगितल्याशिवाय किल्लीला हात लावायला तयार नव्हते. कुणीतरी माझ्या सायकलीला हात लावून नमस्कार केला. मी सबनीस साहेबांना सांगितलं, "साहेब, तारच तुटली व्हती. पाणी हाय."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तार तुटली होती? मग काटा शून्यावर कसा? खाली का नाही गेला?"

"खाली कसा जाईल साहेब," मी म्हणालो, आणि हे मी अभिमानानं म्हणालो याला त्या गेटवरची शंभर माणसं साक्षी आहेत. "तो खाली जात व्हता, म्या त्याला सरळ केला ना!"

साहेबांनी ताकाचा ग्लास खिडकीत ठेवला. खाली दगडावर बसले. मला वाटलं, शाबासकी शोधतायत. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी रोज सकाळी तुझ्या वडिलांना फोन करतो. विचारतो, काय विशेष. ते काय सांगतात?"

"काय न्हाय, म्हणत असतील."

"बरोबर. रोज तेच. 'काय न्हाय.' ते ऐकलं की मी निवांत. आणि एखाद्या दिवशी फोन लागलाच नाही, पलीकडून कुणी बोललंच नाही, तर?"

"तर मग काळजी. म्हंजे काय झालंय ते कळायला मार्ग न्हाय."

"मग 'काय न्हाय' आणि काहीच आवाज नाही, या दोन्हींत फरक आहे का नाही?"

मी काट्याकडं बघितलं.

"ते चार मिलीअँप म्हणजे तुझ्या वडिलांचं 'काय न्हाय'," साहेब म्हणाले. "विहीर कोरडी असली तरी ती चार पाठवते. म्हणजे, मी इथं आहे, तार आहे, आणि माझ्यात पाणी नाही. चारसुद्धा आले नाहीत तर विहीर बोलतच नाही. ती जागा शून्याच्या खाली ठेवली होती. तू ती पुसून टाकलीस."

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी शिकलो, पण असं उभ्या उभ्या, घामानं निथळत, शंभर बायांच्या समोर एखादी गोष्ट अंगात शिरावी तसं पुन्हा कधी झालं नाही. तीन ते पंधरा हवा का, चार ते वीस करंट का, फोरमनच्या दोन्ही कंपन्या एकदम डोळ्यांसमोर आल्या. माझं शरमेनं तोंड लाल व्हायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मी म्हणालो, "साहेब, मग तीनाचं पण तसंच का? आन् तीनाची पाचपट पंधरा, चाराची पाचपट वीस..." साहेब ओरडले, "आधी काटा नीट कर!"

वीज बंद करून काटा शून्याच्या खाली आणायचा होता. पण साहेब म्हणाले, लोकांना उगाच पुन्हा धक्का नको, चालू विजेवरच कर. किती करंट येतोय ते मी मोजून सांगतो, त्या आकड्यावर काटा आण. हिशोब बरोबर होता. फक्त काटा खिडकीत होता आणि खिडकीबाहेर गाव होतं, हे आम्हा दोन्ही तंत्रज्ञांच्या ध्यानात आलं नाही. मी काच खोलून स्प्रिंगच्या दांडीला चिमटा लावला, आणि जसा चिमटा सरकू लागला तसा काटा उतरू लागला.

"आरं, पाणी उतरवतंय की हे पोरगं!" बाहेरून आवाज आला.

"थांब रं! बास, बास! तितंच ठिव!"

"चिमटा सोड म्हणते ना मुडद्या!"

"आगं, तुजंच पोरगं हाय ना? सांग की त्याला!"

मी मान वर करून बघितलं. माय खिडकीच्या समोर उभी होती, अर्धी घागर काखेत. काटा लाल रेघेच्या जरा वर होता. तिथं थांबवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. साहेबांची माझ्याकडं पाठ होती. मायनं काट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला सगळं दिसत होतं, रेघ कुठं आहे आणि चिमटा कुठं चाललाय ते. ती एवढंच म्हणाली, "अण्णाच्या काठीवर किती हाय?"

"पट्ट्याच्या बोटभर खाली."

"मग हितं बी खाली आन. काठी तुज्या बापाची हाय, ती खोटी पडाय नको."

मी चिमटा सरकवला. काटा रेघ ओलांडून खाली गेला. मला अजूनही कधी कधी वाटतं, मी खरंच त्या दिवशी विहिरीतलं पाणी उतरवलं. डोळ्यांनी बघितलेलं डोक्याला कितीही पटवा, हात ऐकत नाही.

नळ बंदच राहणार होता, हुकुमाप्रमाणं. कारखान्याचे एमडी साहेब तोवर बाहेर आले होते आणि दिलगिरीचं भाषण जुळवत होते. गोदाबाई रिंगणातून पुढं आली. तिनं मला विचारलं, "आता खरं हाय का रं हे?"

"व्हय, गोदाबाई. खरं हाय."

"मग साहेब," ती एमडींकडं वळली, "हुकूम तुमाला बी हाय का आमालाच? तुमच्या बंगल्यापुढं गवत हाय हिरवंगार. तेला रोज पाइप लागतोय. तेला काटा दिसत न्हाय व्हय?"

एमडी म्हणाले, "ते वेगळं कनेक्शन आहे, बाई."

"पाणी वेगळं हाय का? विहीर वेगळी हाय का? म्या बी सभासद हाय, माज्या नावावर शेअर हाय. गवताचा शेअर कुणाच्या नावावर हाय, ते सांगा."

लोक हसले, आणि हसण्यात एमडींचं भाषण वाहून गेलं. युसूफचाचांनी मोठ्यानं, कुणालाच न उद्देशून सांगितलं की ट्रक धुवायच्या हौदाला पण त्याच विहिरीचं पाणी जातं. एमडींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, साहेबांना बाजूला घेऊन हिशोब विचारला. गवत बंद, ट्रक धुणं बंद, आणि त्या बदल्यात गेटचा नळ सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ चालू, असं शेवटी ठरलं.

पण गोदाबाई एवढ्यावर थांबणारी नव्हती. "आन् ह्या काट्याचं काय? आज वर, आज खाली. आमी कसं वळकावं हा जिता हाय का मेला?" साहेबांनी तिला तेच समजावलं, मेला की तो शून्याच्या खाली त्या कोऱ्या जागेत जाऊन पडतो. गोदाबाई म्हणाली, "दावा." मी तारेचं टोक सोडवलं. काटा खाली गेला, शून्याच्याही खाली, आणि मान टाकून पडला. सगळ्या खिडकीला चिकटल्या. टोक पुन्हा लावलं, काटा टुणकन उठला. तेव्हापासून तो हंगाम संपेपर्यंत माझी ती रोजची ड्यूटीच झाली. नळ सोडायच्या आधी रांगेतून आवाज यायचा, "मेला दाव!" मी तार काढायचो. "आता जित्ता!" मी तार लावायचो. मगच युसूफचाचा किल्ली फिरवायचे. पुढं मी मोठमोठ्या कारखान्यांत काम केलं, चकचकीत खोल्या, भिंतभर पडदे, त्यावर नाचणारे आकडे बघितले. हुद्दाही वाढला. पण आकडा बघितला की माझ्या मनात आधी ती हाक उठते, आणि मी गुपचूप एखादी तार काढून बघतो. बरोबरची पोरं म्हणतात, सर, काय करताय? मी म्हणतो, काही नाही, ओळख करून घेतोय.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलंच. एमडींचा निर्णय झाला, युसूफचाचांनी किल्ली घेतली, आणि बायांचा लोंढा नळाकडं धावला. रांग मोडून बराच वेळ झाला होता. खिडकीपाशी होत्या त्या गावातल्या, त्या आपसूकच पुढं झाल्या. लिंबाखालच्या आमच्या मागं राहिल्या. त्या धावल्याही नाहीत; धावून काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. मी टाइम ऑफिसात, हातात चिमटा, आणि मला तिथून काहीच करता येत नव्हतं. नळाला पहिली घागर लागली ती गोदाबाईची. किल्ली फिरली, नळानं खोकल्यासारखा आवाज केला. गोदाबाईनं आपली घागर ओढून बाजूला घेतली. धार जमिनीवर पडू लागली, दुष्काळात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ती मागं वळून ओरडली, "आगं, कुठं हाय ती काटा वाचणारी? दुपारी हिची अर्धी ऱ्हायलीय. म्या हिच्या मागं व्हते. लावा रांग व्हती तशी."

आणि माय आली. घाईनं नाही, तशीच सावकाश.